पळसाच्या पाण्यात चौथी वस्तू

मी माझ्या तीन महिन्यांच्या लेकीला पिवळं रंगवलं होतं. कानामागून टाचेपर्यंत, पक्कं, धुतलं तरी न जाणारं. आणि हे सगळं औषध म्हणून केलं होतं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे परसातून आलेला घंगाळ ओढल्याचा आवाज. तीच लेक, केसर, आता तिच्या धाकट्या पोराला घेऊन माहेरी आली आहे. पोराच्या मानेवर घामोळं उठलंय, मांडीच्या वळ्यांत लाल झालंय, आणि रात्रभर ते किरकिरतंय. सकाळी मी राखुंडीने दात घासत ओसरीवर बसलो होतो. केसर परसात सूप घेऊन बसली होती. सुपात पळसाची फुलं. एकेका फुलाची काळी मखमली वाटी ती नखाने खुडायची आणि पाकळ्या घंगाळात टाकायची. मी सहज उठलो, सहज जवळ गेलो, सहज वाकून बघितलं. तिने मान वर केली नाही. नुसतं घंगाळ स्वतःकडे ओढून घेतलं.

मी परत ओसरीवर येऊन बसलो. तोंडातली राखुंडी तशीच.

पळसाचं झाड वर्षातले दहा महिने कुणाच्या खिजगणतीत नसतं. पावसाळ्यात पत्रावळीसाठी त्याची पानं ओरबाडतात, तेवढीच त्याची चौकशी. फाल्गुन लागला की पानं झडून वाकडेतिकडे खराटे उरतात आणि मग एका सकाळी धारूरच्या घाटाकडे सहज नजर जावी तर उतार केशरी झालेला. लोक म्हणतात, डोंगर पेटलाय. मला मात्र ते झाड बघून माझ्या मदरशातली पोरं आठवतात. अंगावर धड सदरा नाही, पायात काही नाही, आणि डोक्याला मात्र लग्नातली झगझगीत टोपी. साळुंक्या, शिंजीर, कावळे, सगळे त्या टोपीत चोची घालून बसलेले असतात. फुलाला वास म्हणावा तर नाही. पाण्यात भिजलं की ओल्या कडब्यासारखा थोडासा येतो. पण मला तो वास इतका ओळखीचा आहे की आजही नाकात शिरला की माझे हात आपोआप उपरण्याखाली जातात.

तेव्हा मी घाटाखालच्या याच गावात सरकारी मदरशावर, म्हणजे आताच्या भाषेत शाळेवर, नवा मास्तर होतो. शिकलो अंबाजोगाईला, म्हणजे सरकारी कागदात मोमिनाबादला. उर्दू अक्षर वळणदार होतं, मिशी नुकती आकार घेत होती, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी आपल्याला कळतात असा चेहरा मी आरशात बघून बघून बसवला होता. घरात तिघं. मी, माझी बायको यमुना, आणि माझ्या वडिलांची बहीण गोदाआत्या. आणि पाळण्यात लेक. पाळण्यातलं तिचं नाव चंद्रभागा. केसर कशी झाली ते पुढे येईलच.

त्याआधी आमचं एक मूल गेलं होतं. मुलगा. जन्मला तेव्हा चांगला होता. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, मग छाती, मग पाय. नवव्या दिवशी गेला. त्यानंतर वर्षभर यमुना हळदीच्या डब्याला हात लावत नव्हती. भाजीत हळद आत्याच टाकायची. यमुना तेवढा वेळ चुलीकडे पाठ करून बसायची. हे मला माहीत होतं. हे माहीत असून मी जे केलं ते केलं, म्हणून हा लेख हसत हसत लिहायचा ठरवलं तरी मधेच लेखणी अडखळते.

फाल्गुनात आमच्याकडे माणसाच्या कातडीचे फार हाल होतात. ज्वारीची काढणी चालू, खळ्यावरची कूस, म्हणजे कणसांचा बारीक भुसा, उडून मानेत, कोपरात, कमरेच्या कडदोऱ्याखाली जाऊन बसते. करडई काढणाऱ्या बायांचे तर हात बघवत नाहीत. काटा लहान, पण ओरखडा असा की घाम लागला की आग आग होते. संध्याकाळी बाया शेतातून परतताना आमच्या अंगणात थांबायच्या. तिथे गोदाआत्याचा रांजण असायचा. त्यात पळसाची फुलं भिजत घातलेली. बाया पदराचं टोक बुडवायच्या, मानेवर धरायच्या, दंडावर धरायच्या, आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. कुणी बोलत नसे. इतक्या बाया एका जागी आणि कुणी बोलत नाही, असं दृश्य मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

एकदा त्यांतल्या एका नव्या सुनेने लाजत विचारलं, "आत्या, ह्यानं रंग उजळतो का वो?"

"तुझ्या रंगाला काय धाड भरली?" आत्या म्हणाली. "आग व्हतीया म्हनून आलतीस न्हवं? आग गेली का?"

"गेली."

"मग जा घरी."

आत्याचं एवढंच शास्त्र होतं. पळसाचं फूल अंगातली आग ओढून घेतं, खाज बसवतं, घामोळं मावळतं, उन्हाळ्यात पोरांना सुखाची झोप लागते. गोरं करत नाही, काळं करत नाही. शिमगा झाला की गावातल्या तान्ह्या पोरांना या पाण्याने पहिली आंघोळ घालायची रीत होती, आणि ते पाणी आत्याच्या हातचं असावं असं सगळ्यांना वाटायचं. फुलं कशी घ्यायची तर सकाळी झाडाखाली पडलेली, ओरबाडलेली नाही. काळी वाटी खुडायची. मातीच्या भांड्यात पाणी, वर फडकं, दिवसभर ऊन. मग दुहेरी धडप्यातून गाळायचं. गाळलेलं आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचं, मगच लेकराच्या अंगावर. अंगावर घेतलं की फिकट पिवळसर झाक यायची, आणि दुसऱ्या तांब्याला निघून जायची.

होळी झाली आणि आत्याला नणंदेच्या गावी लग्नाला जावं लागलं. चंद्रभागेच्या मानेवर तेव्हा मोहरीएवढ्या पुरळांची रांग उठली होती. दूध पिताना रडायची, झोपेत रडायची, उचललं तरी रडायची, ठेवलं तरी रडायची. यमुनेच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. निघताना आत्याने रांजण उन्हात सरकवला आणि मला बजावलं,

"मी परवा येते. मग मीच आंघोळ घालते लेकराला. तवर ह्या रांजनाला हात लावू नको."

"बरं."

"आन लावलाच, तर ध्यानात ठिव. फूल, पानी, ऊन. चौथं काय घालू नको."

बघा, बाई किती शहाणी. हात लावू नको म्हटल्यावर मी लावणार हे तिला माहीत होतं.

माझ्याकडे नुस्ख्यांची एक उर्दू चोपडी होती. मोमिनाबादच्या बाजारात घेतलेली, वाळवीने मधली पानं खाल्लेली. तिच्यात दाढी केल्यावर चेहरा तजेलदार राहावा म्हणून एक कृती होती. गुलाबपाण्यात फिटकरी, म्हणजे आपली तुरटी, फिरवायची आणि भिजलेलं कापड चेहऱ्यावर घटकाभर ठेवायचं. पळसावर काय लिहिलं होतं ते वाळवीला ठाऊक. पण मी विचार केला की फूल ते फूल. गुलाबाला चालतं ते पळसाला का चालू नये? दाढीवाल्या बाप्याची कृती तीन महिन्यांच्या पोरीला लावताना मधे केवढा घाट आहे हे मला दिसलं नाही.

आणि तुरटी? ती माझ्या कोटाच्या खिशातच असायची. उन्हाळा तोंडावर आला की मदरशाच्या आडाचं पाणी गढूळ होई. मुलांना प्यायच्या माठात मी रोज तुरटीचा खडा फिरवायचो, गाळ खाली बसायचा. माझ्या मास्तरकीतलं ते एकच काम असं होतं की ज्याचा परिणाम डोळ्यांनी दिसायचा. मुलांच्या डोक्यात काय निवळतं काय नाही हे कधी कळलं नाही, पाणी मात्र निवळायचं.

यमुना दुपारी धुणं घेऊन ओढ्यावर गेली. लेक रडत होती. मी रांजणावरचं फडकं काढलं. आत पाणी गढुळलेलं, फुलांची लव तरंगत असलेली. ते बघून माझा हात खिशात गेला. पाणी गढूळ दिसलं की हात खिशात जायचाच, इतकी सवय. मी पाणी घंगाळात काढलं आणि खडा फिरवला. उन्हाने पाणी कोमट झालेलं, खडा भराभर विरघळू लागला. लिंबाएवढा होता तो सुपारीएवढा झाला. आणि काय सांगू, ते मळकट नारिंगी पाणी माझ्या डोळ्यांदेखत उजळत गेलं. लखलखीत पिवळं. सोन्याचं पाणी म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. गोदाआत्याला इतकी वर्षं जे जमलं नाही ते आपण एका खड्यात केलं! मी त्या घंगाळाकडे अशा कौतुकाने पाहत होतो की लेक रडते आहे हे घटकाभर विसरलो.

मग तिला पायांवर घेतलं. पुरुषाने तान्ह्या पोरीला आंघोळ घालायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून दार लोटून घेतलं. पाणी घातलं. चोपडीत सांगितल्याप्रमाणे तिचं पांढरं झबलं त्याच पाण्यात बुडवून अंगाभोवती गुंडाळलं आणि घटकाभर ठेवलं. चेहरा राहायला नको म्हणून तोही दोनदा पुसला. मग साध्या पाण्याचे दोन तांबे. एवढं झाल्यावर पोर रडायची थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, एक मोठा उसासा टाकला, आणि माझ्या मांडीवर झोपून गेली. चार दिवसांनी पहिल्यांदा. मी तिला कोरड्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलं आणि झबलं दोरीवर वाळत टाकलं. यमुना आली तेव्हा घरात कंदील लागायची वेळ झाली होती आणि कंदिलाच्या उजेडात सगळंच पिवळं असतं.

"निजली?" यमुनेने विचारलं.

"निजली," मी म्हणालो, आणि त्या एका शब्दात इतका अभिमान भरला की तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

सकाळी परसातून यमुनेची हाक आली. हाक नाहीच ती. तसा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, मुलगा गेला तेव्हा.

ती उन्हात उभी होती. तिच्या हातांत आमची लेक होती, आणि लेक पिवळी होती.

"आवं, लेकरू पिवळं पडलं," ती म्हणाली. "ह्ये बी पिवळं पडलं."

इथे कुणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. हवं होतं. पण पळसाच्या पाण्याचा रंग अंगावर टिकत नाही हे लहानपणापासून बघितलेलं, आणि समोर यमुनेचा चेहरा. मला घंगाळ आठवलं नाही, तुरटी आठवली नाही. आठवला तो नऊ दिवसांचा मुलगा. मी अनवाणी पळत शेजारी गेलो, बैलगाडी मागितली, स्वतः जुंपली आणि धारूरच्या हकीमसाहेबांकडे निघालो. मी पुढे कासरा धरून, यमुना मागे, दोरीवरचं हाताला लागलं ते झबलं चढवून लेकीला पदराखाली घेऊन. सकाळची उन्हं घाटात शिरत होती. दोन्ही बाजूंना पळस नुसता भरलेला, आणि मला त्याचा राग येत होता.

घाटाच्या मध्यावर मारुतीचं लहानसं देऊळ आहे. तिथे चढ तीव्र होतो, म्हणून मी कासरा आखडून धरला आणि माझी नजर हातांवर गेली. दोन्ही तळवे पिवळे. बोटांच्या बेचक्यांत गडद. नखांच्या कडांना तर कुणी कुंचला फिरवावा तसं. उन्हात ते हात असे चमकत होते की बैलांनी मागे वळून पाहिलं असतं तर त्यांनाही कळलं असतं.

मला सगळं समजलं. रांजण, खडा, उजळलेलं पाणी, झबलं. लेकीला काही झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते मला झालं होतं, आणि त्याला कोणत्याही चोपडीत नुस्खा नाही.

मागे यमुना बोलत होती. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. "होळीची पोळी खाल्ली मी. दोन खाल्ल्या. आत्या नको म्हनल्या व्हत्या. त्यानंच दूध बाधलं. माझ्याच खान्यानं झालं."

मी वळून म्हणायला हवं होतं, यमुने, पोळीने नाही, मी रंगवलंय. एवढंच. गाडी थांबवायचीही गरज नव्हती. मी काय केलं, तर खांद्यावरचं उपरणं काढून कासऱ्यावर असं गुंडाळलं की हात झाकले जावेत.

"काय न्हाई व्हनार तिला," मी पुढे बघत म्हणालो.

"तुमाला काय म्हाईत?" ती म्हणाली.

मला माहीत होतं. त्या गाडीत फक्त मलाच माहीत होतं. मी मनाला समजावत होतो की समज रंगही असेल आणि कावीळही असेल, तर? हकिमाने बघितलेलं बरं. वर पोचल्यावर सांगू. चढ संपला की सांगू. त्या मोठ्या पळसापाशी सांगू. असे मोठे पळस त्या घाटात किती आहेत ते मला तेव्हा कळलं. सगळे मागे पडले, आणि यमुना शेवटपर्यंत दोन पोळ्यांचा हिशेब करत रडत राहिली.

धारूरच्या बाजारात हकीमसाहेबांचं दुकान, आणि त्याला लागून बाबूमियाँ रंगरेजाचं. हकीमसाहेब पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे. मी हात उपरण्यात तसेच गुंडाळून त्यांच्या बाकावर बसलो. त्यांनी पोरीच्या पापण्या बोटाने उघडल्या. जीभ बघितली. पोट दाबलं. लंगोट मागून घेतला, उजेडात धरला. पोरगी त्यांच्या दाढीला हात घालून हसली. त्यांनी परत एकदा डोळे बघितले, मग मान आणि मांड्यांच्या वळ्या बघितल्या, आणि माझ्याकडे वळले.

"मास्टर, आँखां सफेद हैं. बच्ची को कुछ नै हुआ. घामोळा भी बैठ गया. अच्छी सोयी ना रात को?"

"सोयी," मी म्हणालो.

"तो फिर ये पीला कायका है?"

मी आढ्याकडे बघितलं. हकीमसाहेबांनी झबल्याची कड दोन बोटांत धरली, चोळली, आणि भिंतीपलीकडे हाक दिली, "बाबूमियाँ, जरा इधर आव."

बाबूमियाँ आले. कोपरापर्यंत निळे हात. त्यांनी झबलं उजेडात धरलं, ओल्या बोटाने घासलं, बोट बघितलं. बोटाला काहीच लागलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तो मी आयुष्यात माझ्या कुठल्याच कामाबद्दल पुन्हा पाहिला नाही.

"पळस है. फिटकरी डाल के पक्का करा. वा! ऐसा तो मेरे से भी नै बैठता." मग त्यांनी पोरीचा गाल अंगठ्याने हलकेच पुसून बघितला. "ये भी पक्का बैठा. अल्ला, क्या केसर हो गयी छोकरी! कौन करा ये?"

यमुना बाकावर माझ्या शेजारीच बसली होती. तिने लेकीला मांडीवर ठेवलं, हात पुढे केला, आणि माझ्या हातांवरचं उपरणं सोडलं.

तिने माझा उजवा हात उलटा केला, सुलटा केला. मग डावा. मग दोन्ही माझ्याच मांडीवर ठेवून दिले, जशी भांडी जागेवर ठेवावीत तशी.

"घाटात कळलंतं का तुमाला?" तिने विचारलं.

"हो."

"कुठवर आल्यावर?"

"मारुतीच्या देवळापाशी."

तिने मान हलवली. मग ती रडली, आधीपेक्षा जास्त. पण तोंड माझ्याकडे नव्हतं, लेकीकडे होतं, आणि मधेच तिला हसूही फुटत होतं. हकीमसाहेब आणि बाबूमियाँ दाराबाहेर जाऊन उभे राहिले. पुरुष माणसं अशा वेळी किती मन लावून रस्ता बघू शकतात!

घाट उतरताना ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मी ते झबलं फेकायला उकिरड्याकडे निघालो तेव्हा म्हणाली, "ठिवा ते. चांगलं रंगलंय." मी ते झबलं दोन्ही हातांनी परत आणून दिलं.

गोदाआत्या लग्नाहून आली, पाळण्यात वाकली, मग सरळ होऊन माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "चौथं काय घातलंस?"

"तुरटी."

"शिकलेल्या मानसाला काय तरी घातल्याबिगर करमत न्हाई," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

रंग हळूहळू उतरला. तेलाच्या मालिशीने आधी पोट निवळलं, मग पाय. कानामागे आणि नखांच्या कडेला तर गुढीपाडवा उलटून गेला तरी होता. तोवर बाबूमियाँनी ठेवलेलं नाव बाजारकऱ्यांबरोबर घाट उतरून गावात पोचलं आणि चंद्रभागा कायमची केसर झाली. मला गावाने रंगारी मास्तर केलं. मी मुलांची नखं तपासायला रांगेत उभा राहिलो की मागच्या पोरांत खसखस पिकायची, कारण सगळ्यांत वाईट नखं माझीच. पण त्या सबंध उन्हाळ्यात पोरीच्या अंगावर एक पुरळ आलं नाही. पळसाने त्याचं काम केलंच होतं. माझी मदत त्याने नुसती सोसली.

तेव्हापासून दर फाल्गुनात मी पळसाचं पाणी बघत आलो आहे. आत्या गेली, रांजण फुटला, नवा आला. करडईच्या बाया अजून येतात, पदर बुडवतात, गप्प उभ्या राहतात. आता रांजण यमुनेच्या ताब्यात असतो, आणि तीच त्या नव्या सुनांना सांगते की रंगाला काही होत नाही, आग तेवढी जाते. तिचं ते बोलणं मी ओसरीवरून ऐकतो. कोवळ्या कातडीला काय लागतं हे त्या फुलाला किती नेमकं कळतं! थोडा गारवा, थोडा वेळ, आणि कुणीतरी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघितलेलं. मी तेच एक केलं नव्हतं. मनगटावर आधी घेतलं असतं तर पिवळं मनगट बघून थांबलो असतो.

तरी रंगवल्याची मला आता फारशी लाज वाटत नाही. ती गोष्ट मी लग्नकार्यांत पंगतीला बसून सांगितली आहे, लोकांना हसवलं आहे. देवळापासून वरचा घाट मात्र मी कुणाला सांगत नसे. यमुना जवळ असली की गोष्ट गाडी जुंपण्यापाशी आणायची आणि एकदम बाबूमियाँच्या दुकानात उडी मारायची, अशी माझी खोड. ती वाढता वाढता क्षणभर थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि पुढच्या पानावर वळायची. तिने ती गोष्ट कधी पुरी केली नाही. आज मीच इथे पुरी करून टाकली.

एवढं लिहून होईतो परसातलं ऊन कलायला लागलं होतं. घंगाळ दिवसभर उन्हात राहिलेलं. केसरने पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतलं, मनगटावर ओतून बघितलं, आणि पोराला आणायला आत गेली. मी परसात उभा. घंगाळात नारिंगी पाणी, जरा मळकट, वर थोडी बारीक लव तरंगत असलेली. मी नुसता बघत होतो. खरं सांगतो, नुसता बघत होतो.

"बाबा," मागून केसरचा आवाज आला. कडेवर पोर, खांद्यावर धडपं. "हात दाखवा आधी."

मी दोन्ही हात पुढे केले. माझ्या मदरशातली पोरं दाखवायची तसे, आधी पाठमोरे, मग तळवे. केसरने वाकून नखं बघितली. पोरानेही बघितली.

स्वयंपाकघरातून यमुनेचा आवाज आला, "हात काय बघतीस त्यांचे? खिसा बघ!"